घरचा कर्ता कारागृहात असताना

कारागृहाचे दार एका माणसावर बंद होते. त्याच्या नावावर चालणारे व्यवहार मात्र त्या दाराशी थांबून राहत नाहीत. सेवा सोसायटीच्या पीककर्जाची तारीख ठरल्या दिवशी येते, विम्याचा हप्ता येतो, मुलाच्या शाळेत पालकाची सही मागितली जाते आणि गावच्या चावडीवर एखाद्या फेरफाराची नोटीस लागते. या प्रत्येक ठिकाणी ज्याची सही हवी, तो माणूस येरवड्याच्या, नाशिकरोडच्या किंवा कळंब्याच्या भिंतीआड असतो. वकिलाची फी आणि मुलाखतीच्या खेपा यांतच गुंतून गेलेल्या कुटुंबाचे या दुसऱ्या बाजूकडे दुर्लक्ष होते, आणि खटल्यातून माणूस निर्दोष सुटून आला तरी जमीन, घर किंवा बँकेतील पत गेलेली असते.

हा प्रश्न थोड्या लोकांचा नाही. २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक बंदी होते. त्यांपैकी ४ लाख ३४ हजारांहून अधिक, म्हणजे दर चार बंद्यांमागे तीन, न्यायाधीन होते. त्यांच्यावरील आरोप अद्याप सिद्ध व्हावयाचा होता. त्या प्रत्येकामागे एक घर असते, आणि पुष्कळ घरांत सहीचा अधिकार त्या एकट्याच्याच हाती असतो.

बंद्याचे हक्क शाबूत राहतात

तुरुंगात गेलेल्या माणसाच्या सहीला किंमत नाही, त्याला मालमत्ता विकता येत नाही, त्याच्या नावचा सातबारा आपोआप भावाच्या नावे करता येतो, असे समज ग्रामीण भागात अजूनही आढळतात. ते चुकीचे आहेत. शिक्षा झालेल्याची मालमत्ता सरकारजमा करण्याची तरतूद असलेली भारतीय दंड संहितेतील दोन कलमे १९२१ सालीच रद्द झाली. काही विशेष कायद्यांखाली गुन्ह्यातून मिळवलेली संपत्ती जप्त होऊ शकते, हे खरे. परंतु केवळ अटक किंवा शिक्षा झाली म्हणून मालकी कोणाकडेही जात नाही. मालमत्ता मिळवणे, बाळगणे व तिची विल्हेवाट लावणे या हक्काच्या आड तुरुंगवास येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली भुवन मोहन पटनाईक यांच्या प्रकरणात सांगितले. तो निर्णय मूळचे पुण्याचे न्यायमूर्ती यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी लिहिला होता. मालमत्तेचा हक्क पुढे चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांच्या यादीतून निघाला. तरी अनुच्छेद ३०० अ खाली तो घटनात्मक हक्क म्हणून कायम आहे.

या संदर्भात महाराष्ट्रातील एका प्रकरणाची आठवण करून देणे उचित ठरेल. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध असलेले प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी स्थानबद्धतेत 'अणूच्या अंतरंगात' हे मराठी विज्ञानविषयक पुस्तक लिहिले. त्याचे हस्तलिखित छपाईसाठी पत्नीकडे पाठवण्याची परवानगी त्यांनी मागितली, ती नाकारली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६५ साली निकाल संझगिरी यांच्या बाजूने लागला. ज्या गोष्टीस नियमांनी स्पष्ट मनाई केलेली नाही, ती बंद्याला करता येते, हे त्या निकालाचे सार. अणूवरील पुस्तकाने जो मार्ग मोकळा केला, त्याच मार्गाने आज मुखत्यारपत्राचा कागद कारागृहाबाहेर येऊ शकतो.

पहिल्या आठवड्यात गोळा करावयाचे कागद

अटकेची कारणे सांगणे, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ देणे हे संविधानाच्या अनुच्छेद २२ ने दिलेले संरक्षण आहे. आरोपीने नाव सांगितलेल्या नातेवाईकास वा मित्रास अटकेची खबर देणे हे पोलिसांवर बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. त्यामुळे जुन्या पुस्तकांतील कलमांचे क्रमांक आता जुळत नाहीत, एवढे लक्षात ठेवावे.

कुटुंबाने प्रथम चार गोष्टी लिहून घ्याव्यात : पोलीस ठाणे व गुन्हा क्रमांक, लावलेली कलमे, न्यायालयाचे नाव आणि कारागृहातील बंदी क्रमांक. प्रकरण न्यायालयात नोंदले गेले की त्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो क्रमांक हाती असला की पुढील तारीख कळण्यासाठी कोणाच्या मध्यस्थीची गरज उरत नाही; ई-कोर्ट सेवेवर ती मोबाईलवरच दिसते. न्यायालयाच्या आवारात तारीख सांगण्याचेही पैसे घेणारी माणसे भेटतात, म्हणून हे मुद्दाम सांगावयाचे.

वकील नेमण्यासाठी वकीलपत्रावर बंद्याची सही लागते. ते कारागृहात पाठवून अधिकाऱ्याच्या साक्षांकनासह परत घेतले जाते. खाजगी वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे कोठडीतील प्रत्येक व्यक्ती मोफत वकिलास पात्र असते, आणि येथे उत्पन्नाची अट नाही. स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांनाही उत्पन्न न पाहता ही मदत मिळते. म्हणजे बंद्याच्या पत्नीला स्वतःच्या दिवाणी दाव्यासाठीसुद्धा ती मागता येते. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा थेट कारागृह अधीक्षकांमार्फत करावा. १५१०० हा दूरध्वनी क्रमांक देशभर याच कामासाठी आहे.

जामीन आणि त्यामागचा पैसा

जामीन मंजूर होणे आणि माणूस घरी येणे यांत कधी कधी महिने जातात. आदेशात जामीनदार मागितलेला असतो. जामीनदाराला सातबारा, घरपट्टीची पावती किंवा तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला दाखवावा लागतो, आणि आरोपी पळाल्यास ती रक्कम भरण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. नातेवाईक मागे हटतात ते यामुळेच, आणि त्यांना सरसकट दोष देता येत नाही. जामीनदार मिळत नसेल तर रोख जामीन किंवा केवळ जातमुचलका यांसाठी वकिलामार्फत अर्ज करता येतो. मोतीराम नावाच्या एका गवंड्याकडे मध्य प्रदेशातील दंडाधिकाऱ्याने दहा हजार रुपयांचा जामीन मागितला होता आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भावाची हमी नाकारली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली ही दोन्ही कृत्ये अयोग्य ठरवली. ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांत त्याच न्यायालयाने आणखी तपशील घातला : जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृहाकडे जावी, सात दिवसांत बंदी सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांस कळवावे, महिनाभरात जामीन भरला गेला नाही तर न्यायालयाने आपणहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा, आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नये.

गरीब बंद्यांसाठी केंद्र शासनाने २०२३ साली सहाय्य योजना आणली. तिच्या त्या वर्षीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत व सिद्धदोष बंद्याच्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकत होते. रकमा व कार्यपद्धती यांत पुढे बदल होत असतात; चालू रक्कम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात विचारून घ्यावी.

रोख जामीन भरल्याची पावती घरातील दागिन्याइतकी जपावी. खटला संपल्यावर ही रक्कम परत मिळते, पण ती पावतीवर आणि अर्ज केल्यावर. वर्षानुवर्षे अनेक रकमा केवळ पावती हरवल्यामुळे न्यायालयाच्या खात्यात पडून राहतात. वकिलाच्या फीचीही पावती घ्यावी, आणि 'आत वजन आहे' असे सांगणाऱ्याला एक पैसाही देऊ नये.

मुखत्यारपत्र

बंद्याचे व्यवहार बाहेरून चालवण्याचे मुख्य साधन म्हणजे मुखत्यारपत्र. ते दोन प्रकारचे असते. एका ठराविक कामापुरते दिलेले ते खास मुखत्यारपत्र; सर्व कामांसाठी दिलेले ते कुलमुखत्यारपत्र. घाबरलेली कुटुंबे सहसा कुलमुखत्यारपत्र करून घेण्याच्या मागे लागतात, कारण एकदाच सही घेऊन मोकळे होता येते. सबुरीने पाहता बहुतेक घरांना खास मुखत्यारपत्रच पुरते : अमुक बँकेतील अमुक खाते चालवणे, अमुक गटातील जमीन कसून पीककर्ज फेडणे, अमुक दाव्यात हजर राहणे, वीज व घरपट्टी भरणे, आयकराचे विवरण दाखल करणे. यादी जेवढी नेमकी, तेवढा बँकेचा व तलाठ्याचा आक्षेप कमी आणि गैरवापराची वाटही अरुंद. स्थावर मालमत्ता विकणे, गहाण टाकणे किंवा तिच्यावरील हक्क सोडणे हे अधिकार त्यात घालू नयेत. तशी गरज खरोखर पडली तर तेवढ्यापुरते वेगळे पत्र करावे आणि त्यात किमान किंमतही नमूद करावी.

आता सही कशी घ्यावयाची? नोटरीला किंवा दुय्यम निबंधकाला कारागृहात आणावे लागते की बंद्याला पहाऱ्यात बाहेर न्यावे लागते, हा प्रश्न कुटुंबाला अडवतो. याचे उत्तर १९०८ च्या नोंदणी अधिनियमातच आहे. दस्त नोंदणीसाठी वापरावयाचे मुखत्यारपत्र एरवी नोंदणी अधिकाऱ्यासमोर करावे लागते. परंतु दिवाणी वा फौजदारी आदेशाने तुरुंगात असलेल्या व्यक्तीला नोंदणी कार्यालयात हजर राहण्यापासून कलम ३३ ने सूट दिली आहे. पत्र स्वेच्छेने केलेले आहे अशी खात्री पटल्यास अधिकारी ते साक्षांकित करू शकतो, आणि त्या खात्रीसाठी तो स्वतः तुरुंगात जाऊ शकतो किंवा आयोग नेमू शकतो. प्रत्यक्ष दस्ताच्या नोंदणीबाबत कलम ३८ याहून स्पष्ट आहे : अशा व्यक्तीची तपासणी करण्यासाठी अधिकाऱ्याने तुरुंगात जावे किंवा आयोग पाठवावा, असे ते सांगते. शंभर वर्षांहून जुनी ही तरतूद फार थोड्या कुटुंबांच्या उपयोगी पडते, कारण ती त्यांना कोणी सांगतच नाही.

व्यवहारात क्रम असा ठेवावा. आधी ज्या कार्यालयात ते पत्र वापरावयाचे, तेथे जाऊन नोटरीचे साक्षांकन चालेल की नोंदणी लागेल हे विचारावे. मग मसुदा योग्य मुद्रांकावर तयार करून, सोबत मुखत्याराच्या ओळखपत्राची प्रत जोडून, कारागृह अधीक्षकांकडे लेखी अर्ज करावा आणि अर्जाची पोच घ्यावी. न्यायाधीन बंद्याच्या बाबतीत ज्या न्यायालयात खटला आहे तेथेच वकिलाने अर्ज देऊन आदेश मिळवला तर नोटरीला आत प्रवेश मिळणे सोपे होते. बंद्याची सही व अंगठा अधिकाऱ्यासमक्ष झाल्याचा शेरा व शिक्का मूळ कागदावर असावा. परवानगी नाकारली गेली तर नकार लेखी मागावा. तोंडी नकाराविरुद्ध दाद मागणे कठीण.

सही करणाऱ्याने काय वाचून सही केली, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. कोठडीतील माणूस हवालदिल असतो. 'तुझ्या जामिनासाठी लागतो आहे' असे सांगून त्याच्यापुढे ठेवलेल्या कागदावर तो सही करून मोकळा होतो. भाऊबंदकीत याच मार्गाने हक्कसोडपत्रे होतात. पोटाला चिमटा घेऊन वकिलाची फी देणारा भाऊ आणि त्या फीच्या बदल्यात वाटणी लिहून मागणारा भाऊ, दोघेही मुलाखतीच्या जाळीपलीकडून सारखेच दिसतात. म्हणून मालमत्तेसंबंधी कोणताही कागद बंद्याने आपल्या वकिलाला दाखवल्यावाचून सही करू नये. वकिलाची भेट अधिकाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात पण त्याला ऐकू येणार नाही अशी व्हावी, असा दंडक १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने घालून दिला आहे. तो येथे कामी येतो. कोऱ्या मुद्रांकावर किंवा कोऱ्या कागदांवर सह्या घेणे तर कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही.

मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हेही समजून घ्यावे. केवळ मुखत्यारपत्राच्या आधारे झालेल्या 'विक्री'ने स्थावर मालमत्तेची मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सुरज लँप प्रकरणात स्पष्ट केले. बंद्याला सामान्यतः मुखत्यारपत्र केव्हाही रद्द करता येते. मात्र रद्द केल्याची सूचना मुखत्याराला, बँकेला व संबंधित कार्यालयाला लेखी पोचली पाहिजे. बंद्याचा मृत्यू झाल्यास ते पत्र तेथेच संपते. त्यानंतर त्याच्या आधारे पैसे काढणे हा गुन्हा ठरू शकतो.

शेतजमीन, फेरफार आणि दावे

येथे सर्वाधिक नुकसान होते, आणि त्याचे कारण मुदतींविषयीचे अज्ञान. मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम ६ प्रमाणे अज्ञान व्यक्ती किंवा मनोरुग्ण यांच्या बाबतीत दाव्याची मुदत थांबून राहते. तुरुंगवास या यादीत नाही. म्हणजे बंदी आत असताना शेजाऱ्याने बांध सरकवला किंवा भावाने खोटे खरेदीखत केले, तरी दावा लावण्याची मुदत नेहमीप्रमाणे चालू राहते. अपील वा अर्ज यांना उशीर झाल्यास पुरेसे कारण दाखवून तो माफ करून घेता येतो. मूळ दाव्याला मात्र ही सवलत लागू नाही. दहा वर्षांची शिक्षा भोगून आल्यावर 'मी आत होतो' हे उत्तर दिवाणी न्यायालयात पुरत नाही.

फेरफाराच्या बाबतीत मुदत आणखी आखूड असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे नोंद घेतल्यावर तलाठी चावडीवर प्रत लावतो, हितसंबंधितांना नोटीस देतो, आणि हरकत घेण्यास पंधरा दिवसांचा अवधी असतो. वडील वारले, बंदी मुलगा वारस नोंदीतून वगळला गेला आणि कोणी हरकत घेतली नाही, तर नोंद प्रमाणित होते. फेरफाराने मालकी ठरत नाही आणि पुढे प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येते. परंतु त्या दरम्यान जमीन तिसऱ्याला विकली गेली की वाद वाढतो. म्हणून बंद्याच्या पत्नीने किंवा मुखत्याराने दोन-तीन महिन्यांनी एकदा सातबारा व आठ-अ चे उतारे पाहावेत. ते आता महाभूमीच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात. काही संशयास्पद आढळल्यास त्याच दिवशी लेखी हरकत देऊन पोच घ्यावी.

बंद्याविरुद्ध दिवाणी दावा दाखल झाला तर समन्स कारागृहाच्या अधिकाऱ्यामार्फत त्याच्यावर बजावला जातो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५ मध्ये तशी तरतूद आहे. समन्स मिळाल्यावर कुटुंबाला कळवण्याचे काम बंद्याचे आहे, आणि ते पत्राने लगेच केले पाहिजे. कोणी हजर झाले नाही तर एकतर्फी हुकूमनामा होतो. तो रद्द करून घेण्यास ३० दिवसांची मुदत आहे. समन्स जुन्या घरच्या पत्त्यावर दाखवून बंदी तुरुंगात आहे ही गोष्ट न्यायालयापासून लपवली गेली असेल, तर हे रद्द होण्याचे सबळ कारण ठरते. त्यासाठी कारागृहातील वास्तव्याचा अधीक्षकांचा दाखला मिळवून ठेवावा.

पीककर्जाच्या परतफेडीचीही अशीच गोष्ट आहे. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा लाभ मुदतीत फेड करणाऱ्यालाच मिळतो. सोसायटीत पैसे भरण्यास कर्जदाराची सही लागत नाही, कोणीही भरू शकतो; नवे कर्ज उचलण्यास मात्र लागते. घरकर्ज थकल्यास बँक ६० दिवसांची मागणी नोटीस देते आणि त्यानंतर ताबा घेण्याची कारवाई सुरू होऊ शकते. ही नोटीस पेटीत ठेवून देऊ नये. त्या ६० दिवसांत बँकेकडे लेखी निवेदन देऊन हप्त्यांची फेररचना मागता येते. कारागृहातील माणसाचे कर्ज म्हणून बँक सवलत देण्यास बांधलेली नाही, पण वेळेवर आलेल्या अर्जाचा ती सहसा विचार करते.

बँक, विमा, कर

पतीचे एटीएम कार्ड व गुप्त क्रमांक वापरून पैसे काढणे हा सर्वत्र चालणारा प्रकार आहे. तो बँकेच्या अटींचा भंग आहे, आणि वाद उभा राहिला तर पैसे काढणारी पत्नीच अडचणीत येते. खाते संयुक्त असून 'दोघांपैकी कोणीही एक' अशी सूचना असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर मुखत्यारपत्र किंवा बँकेच्या नमुन्यातील अधिकारपत्र द्यावे. नामनिर्देशित व्यक्तीला खातेदार हयात असताना काहीही अधिकार नसतो, हे अनेकांना माहीत नसते. खात्यावर दोन वर्षे व्यवहार झाला नाही तर ते निष्क्रिय होते. दहा वर्षांनी शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होते. तेथूनही ती मागता येते, पण हेलपाटे वाढतात.

तपासात पोलिसांनी खाते गोठवले असेल तर मुखत्यारपत्राचा उपयोग नाही. बँक खाते ही जप्त करता येण्याजोगी 'मालमत्ता' आहे, असे १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका प्रकरणात ठरवले आहे. अशा वेळी गुन्ह्याशी संबंध नसलेल्या रकमेपुरते, उदाहरणार्थ पगाराच्या किंवा शेतमालाच्या पैशापुरते, खाते मोकळे करावे असा अर्ज दंडाधिकाऱ्याकडे द्यावा. जप्त वाहन व दागिने यांच्या सुपूर्दनाम्यासाठीही तेथेच अर्ज करतात. गुन्ह्यातील पैसा इकडून तिकडे हलवण्यास मात्र कोणत्याही नातेवाईकाने हात लावू नये. तसे केल्यास तोही आरोपी होतो.

विम्याचा हप्ता कोणीही भरू शकतो. वार्षिक, सहामाही व तिमाही हप्त्यांना साधारण एक महिन्याची आणि मासिक हप्त्याला पंधरा दिवसांची सवलत असते. आयकराचे विवरण बंद्याला स्वतः प्रमाणित करणे शक्य नसल्यास मुखत्यारपत्र असलेली व्यक्ती ते करू शकते. तुरुंगवासामुळे करदायित्व थांबत नाही. घरभाडे येत असेल तर ते उत्पन्नच असते.

मुलांच्या बाबतीत शाळा, बँक किंवा पारपत्र कार्यालय 'वडिलांचीच सही हवी' असे म्हणत असेल, तर गीता हरिहरन यांच्या प्रकरणातील १९९९ चा निकाल दाखवावा. अल्पवयीन मुलाच्या नावे रोखे घेताना रिझर्व्ह बँकेने वडिलांची सही मागितल्यावरून ते प्रकरण उभे राहिले होते. वडील कोणत्याही कारणाने प्रत्यक्ष उपलब्ध नसतील तर आई ही नैसर्गिक पालक म्हणून काम पाहू शकते, असे न्यायालयाने सांगितले.

घर कशावर चालावे

बंदी शासकीय कर्मचारी असेल तर ४८ तासांहून अधिक कोठडीनंतर तो निलंबित मानला जातो. निलंबन म्हणजे बडतर्फी नव्हे. प्रारंभी अर्धपगारी रजेच्या वेतनाइतका निर्वाह भत्ता त्याला देय असतो. इतरत्र नोकरी वा धंदा करीत नसल्याचे प्रमाणपत्र त्यासाठी द्यावे लागते. कारागृहातील माणसाला ते देणे अवघड नाही, तरी तेच न दिल्यामुळे भत्ता अडतो.

शिक्षा भोगत असलेल्या कैद्याची पत्नी संजय गांधी निराधार अनुदान योजनेखाली अर्ज करू शकते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. २०२३ साली अनुदान दरमहा १,५०० रुपये करण्यात आले. अर्ज तहसील कार्यालयात द्यावयाचा. मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, तिचे अनुदान त्याच वर्षी दरमहा २,२५० रुपये झाले. त्याची चौकशी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे करावी. अनेक स्त्रिया हे अर्ज लाजेपोटी करीत नाहीत, कारण त्यात नवरा तुरुंगात असल्याचे लिहावे लागते.

कारागृहात काम करणाऱ्या बंद्याच्या मजुरीच्या आधारे कर्ज देण्याची 'जिव्हाळा' ही योजना २०२२ साली महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेमार्फत येरवडा कारागृहात सुरू झाली. तीत ७ टक्के व्याजाने ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज ठेवले गेले, ते कुटुंबाच्या गरजा व वकिलाची फी भागवण्यासाठी. तुरुंगातील माणसाला कर्जदार म्हणून उभे करण्याचा हा विचार नवा आहे.

शिक्षा झाल्यावर, आणि सुटका झाल्यावर

शिक्षा सुनावताच निकालाची एक प्रत आरोपीला विनामूल्य मिळाली पाहिजे. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात चार वर्षांहून अधिक विलंबाने अपिलाची परवानगी मागितली गेली आणि निकालाची प्रत वेळेत मिळालीच नाही असे कैद्याचे म्हणणे होते. तेव्हा १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले की प्रत तत्काळ द्यावी व कैद्याची लेखी पोच घ्यावी. उच्च न्यायालयात अपील करण्यास ६० दिवस आणि सत्र न्यायालयात ३० दिवस मिळतात. निकालाची प्रत मिळवण्यात गेलेले दिवस यातून वजा होतात. बंद्याला कारागृह अधिकाऱ्यांमार्फत थेट अपील पाठवता येते. न्यायाधीन म्हणून भोगलेला काळ शिक्षेतून वजा होतो. वॉरंटवर तो बरोबर लिहिला आहे की नाही, हे वकिलाकडून तपासून घ्यावे. दंडाऐवजी कैद चालू झाली असेल तर दंड भरताच ती संपते आणि थोडा भरला तर त्या प्रमाणात कमी होते. हे पैसे नातेवाईक भरू शकतात.

न्यायाधीन बंद्याच्या बाबतीत नव्या संहितेचे कलम ४७९ ध्यानात ठेवावे. गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा अर्धा काळ, आणि पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्याने एकतृतीयांश काळ, कोठडीत काढला असेल तर सुटकेसाठी अधीक्षकांनीच न्यायालयाकडे अर्ज करावयाचा आहे. फाशी वा जन्मठेपेस पात्र गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असलेल्यांना हे लागू नाही. तारखेचा हिशेब घरच्यांनी स्वतः करून ठेवावा व ती उलटताच अधीक्षकांना पत्र द्यावे.

संचित रजा व अभिवचन रजा यांवर बंदी घरी येतो, तेव्हा अडलेल्या सह्या, वारस नोंद, बँकेतील ओळखपत्रांचे नूतनीकरण ही कामे त्या दिवसांत उरकून घेता येतात. रजेआधीच कागद तयार ठेवले तर एका दिवसात दुय्यम निबंधक कार्यालय व बँक दोन्ही होतात.

सुटका झाल्यावर पहिल्या महिन्यात करावयाची कामे अशी : मुखत्यारपत्र रद्द करून तसे बँकेस व मुखत्यारास कळवणे, रोख जामिनाची रक्कम परत मागणे, जप्त वस्तू सोडवून घेणे, गोठवलेले खाते मोकळे करून घेणे, आणि मुखत्याराने ठेवलेला जमाखर्च पावत्यांसह तपासून दोघांनी त्यावर सही करणे. निर्दोष सुटलेल्या निलंबित कर्मचाऱ्याने निकालाची प्रमाणित प्रत जोडून कार्यालयाकडे पुनःस्थापनेचा अर्ज त्याच महिन्यात द्यावा. निलंबनकाळ कर्तव्यकाळ धरावयाचा की नाही, याचा निर्णय त्या अर्जावर होतो.